पाणी माशाला ढकलत नाही

११ सप्टेंबर २०१६. ब्राझीलमधल्या रिओ शहराचा कोपाकबाना किनारा. साडेसातशे मीटर समुद्र पोहून बायका एकेक करून काठाशी येताहेत. त्यांतल्या कित्येकींना एकच पाय आहे, कारण पोहताना कृत्रिम पाय लावायची परवानगी नसते. पाण्यात एका पायावर भागतं. अडचण सुरू होते ती जमिनीला टेकल्यावर. तिथं नेमून दिलेले मदतनीस उभे असतात. ते त्या बाईला दोन्ही बाजूंनी धरतात, पाण्याबाहेर काढतात आणि जिथं तिचा कृत्रिम पाय ठेवलेला असतो तिथवर आणून सोडतात. पाय चढवायचा, पट्टे आवळायचे, सायकलीपर्यंत जायचं, वीस किलोमीटर सायकल मारायची, मग पाच किलोमीटर धावायचं. पाय बदलायला जो वेळ जातो तोही तिच्याच वेळेत मोजला जातो. घड्याळ कुणाची कीव करत नाही.

या शर्यतीला पॅराट्रायथलॉन म्हणतात. पोहणं, सायकल आणि धावणं हे तिन्ही एका दमात करायचं. पॅरालिंपिकमध्ये हा खेळ त्या वर्षी पहिल्यांदाच आला. त्या दिवशी एका वर्गातली तिन्ही पदकं अमेरिकेच्या तीन बायकांनी घेतली. अलिसा सीली पहिली, हेली डॅनिसविच दुसरी आणि मेलिसा स्टॉकवेल तिसरी. तिघींचाही एकेक पाय कापलेला. सीलीचा मज्जासंस्थेच्या आजारामुळे, डॅनिसविचचा कोवळ्या वयात हाडाच्या कर्करोगामुळे आणि स्टॉकवेलचा बॉम्बमुळे. मी बोलणार आहे ती या तिसऱ्या आलेल्या बाईविषयी.

मेलिसाचा जन्म १९८० चा. लहानपणी जिम्नॅस्टिक्स करायची, ऑलिंपिकला जायचं स्वप्न बघायची. पुढं ती सैन्यात अधिकारी झाली. एप्रिल २००४ मध्ये बगदादच्या रस्त्यावर पेरलेला बॉम्ब फुटला आणि डावा पाय मांडीतून गेला. इराक युद्धात हातपाय गमावणारी ती पहिली अमेरिकन स्त्री सैनिक. वॉशिंग्टनच्या लष्करी इस्पितळात ती पुन्हा उभं राहायला शिकली. चारच वर्षांनी, २००८ मध्ये, ती बीजिंगच्या पॅरालिंपिकमध्ये पोहायला उतरली. पदक एकही नाही मिळालं, पण समारोपाला देशाचा झेंडा तिच्या हातात दिला गेला. मग ती ट्रायथलॉनकडे वळली आणि २०१०, २०११, २०१२ अशी लागोपाठ तीन वर्षं जगज्जेती झाली. २०१४ मध्ये तिला मुलगा झाला. त्यानंतर दोन वर्षांच्या आत रिओचं कांस्यपदक.

अशी गोष्ट ऐकली की आपल्या तोंडून दोन प्रकारची वाक्यं निघतात. पहिलं वाक्य, "मनात आणलं की माणूस काय वाटेल ते करतो बघा." दुसरं वाक्य जरा हळू आवाजात, "काय भोग असतात एकेकाचे! मागचं काहीतरी असणार." पहिल्यात कौतुक, दुसऱ्यात हळहळ. दोन्ही वाक्यं बोलून आपण मोकळ्या होतो आणि कुकरची शिट्टी मोजायला लागतो. मला ही दोन्ही वाक्यं खटकतात. का खटकतात, ते या खेळाच्या नियमांतून मला नीट उमगलं.

या खेळात मदतीचे नियम फार बारकाईनं केलेले आहेत. पाण्यातून बाहेर काढायला माणूस आहे, पण त्यानं स्पर्धकाला नेमलेल्या जागेपलीकडे न्यायचं नाही. काही वर्गांतल्या स्पर्धकांना आपला सोबती ठेवता येतो. तो पाय बसवायला, पोहण्याचा पोशाख उतरवायला हात लावू शकतो, पण ठरलेल्या जागेपुरता आणि ठरलेल्या कामांपुरताच. दृष्टिहीन स्पर्धकाबरोबर एक डोळस सोबती पूर्ण शर्यत करतो. पोहताना आणि धावताना दोघं एका दोरीनं जोडलेले असतात, सायकल दोघांची मिळून एकच असते. पण त्या सोबत्यानं दोरी ओढायची नाही, पुढं खेचायचं नाही. म्हणजे सोबत आहे आणि बरोबरीनं आहे, पण शर्यत ज्याची त्याचीच.

हे वाचताना मला पाठशाळेत शिकवलेलं धर्मद्रव्य आठवलं. आपल्याकडे सहा द्रव्यं सांगितली आहेत. त्यातलं धर्मद्रव्य म्हणजे पुण्य किंवा पूजापाठ नव्हे. जीव आणि पुद्गल यांना गती करताना जे साहाय्य होतं ते धर्मद्रव्य. त्याचा दृष्टांत आपण सगळ्यांनी पाठ केलाय, मासा आणि पाणी. पाणी माशाला ढकलत नाही, 'चल, पोह' असं म्हणत नाही. मासा थांबला तर त्याला रेटतही नाही. पण पाणीच नसेल तर मासा कितीही बळकट असो, तो तडफडेल, पोहणार नाही.

लहानपणी हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. लोक याला विश्वरचनेचा विषय समजतात, म्हणजे रोजच्या जगण्याशी त्याचा संबंध नाही असंच धरून चालतात. मला मात्र वाटतं, एका माणसानं दुसऱ्याला मदत कशी करावी हे सांगायला याहून नेमका दृष्टांत मिळणार नाही. धर्मद्रव्य जड आहे, त्याला इच्छा नाही, हे मलाही माहीत आहे. माणसाला इच्छा असते, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. मदत करताना आपण पाणी होत नाही, आपण ढकलणारे हात होतो. नाहीतर काठावर उभं राहून 'वा, काय मासा आहे!' म्हणणारे प्रेक्षक होतो.

पहिलं वाक्य पुन्हा घेऊ. "मनात आणलं की सगळं होतं." आपल्याकडे उपादान आणि निमित्त यांवर मोठमोठे वाद होतात. शिबिरांतून, स्वाध्यायांतून आपण ते ऐकलेत. कार्य होतं ते उपादानाच्या योग्यतेनं, हे खरं. मेलिसाच्या जागी दुसरं कोणी तेवढं झटलं नसतं, हेही खरं. पण निमित्तं कोणती होती तीही बघावीत की. एक मोठं इस्पितळ, तिथले शल्यवैद्य, चालायला शिकवणारे, मापानुसार पाय बनवणारे. त्याच इस्पितळात पॅरालिंपिकची माहिती सांगायला आलेला माणूस. पोहायला तलाव, शिकवायला प्रशिक्षक. धावायचा पाय वेगळा लागतो, आणि तो सामान्य घराच्या आवाक्यातला नसतो. हे सगळं पाणी तिला मिळालं. ते मिळालं म्हणून तिचं पोहणं कमी मोलाचं ठरत नाही. पण पाणी वगळून नुसत्या माशाची स्तुती केली की कोरड्यात पडलेल्या माशाला आपण आळशी म्हणायला मोकळे होतो. "ती बघ, एका पायावर शर्यत जिंकते, आणि तू दोन पायरी चढत नाहीस!" असं जिला ऐकावं लागतं तिला विचारा, कौतुकाची काठी किती लागते ते.

या खेळात तसं कोणी करत नाही, तेही सांगते. स्पर्धकांचे वर्ग पाडलेले असतात. कुणाच्या शरीराला किती मर्यादा आहे हे तज्ज्ञ तपासतात आणि सारख्या मर्यादेची माणसं एकत्र धावतात. पाय गुडघ्याच्या वर गेला की खाली, एक गेला की दोन, हात गेला की पाय, सगळ्याचा विचार होतो. एकीचं माप दुसरीला लावत नाहीत. आपण अनेकान्त मानणारी माणसं, पण घरात मात्र सगळ्यांना एकाच फूटपट्टीनं मोजतो.

इथं एक गोष्ट मला टाळता येत नाही. मेलिसा सैनिक होती आणि ती दुसऱ्यांच्या देशात गेलेल्या फौजेत होती. आपल्या शास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगितलेत, संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाला विरोधी हिंसा पूर्ण सुटत नाही, राजाला आणि सैनिकाला तर नाहीच. पण २००३ मध्ये इराकवर केलेली चढाई विरोधी हिंसेत बसवायला माझं मन तयार होत नाही. मग त्या युद्धातल्या बाईची थोरवी मी का सांगते? तर तिच्या पोहण्याची थोरवी सांगताना मी त्या युद्धाला होकार देत नाही. एकाच माणसाविषयी दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे तरी आपल्याला कुणी नव्यानं शिकवायला नको. आणि दुसरं असं की, त्याच बगदादच्या रस्त्यांवर, त्याच वर्षांत, इराकी बायकामुलांचेही हातपाय गेले. त्यांच्यातही कुणी धावणारी असेल, पोहणारी असेल. त्यांच्या वाट्याला ते इस्पितळ, तो तलाव, ते प्रशिक्षक आले नाहीत. उपादानाची योग्यता कुठल्याही देशात जन्माला येते, पाणी मात्र सगळीकडे सारखं वाटलेलं नाही. ही गोष्ट विसरून मेलिसाचं कौतुक केलं, तर ते अर्धवट राहील.

आता आपल्या घरात येऊ. आमच्या नात्यात बेळगावकडच्या खेड्यात एक आक्का होत्या. साखरेच्या आजारानं त्यांचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. घर भरलेलं, माणसं प्रेमळ. आक्कांना कुणी जागचं हलू दिलं नाही. चहा जागेवर, ताट जागेवर, जपाची माळसुद्धा हातात आणून द्यायचे. गावभर सुनांचं नाव झालं. आक्का मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेल्या. एकदा मला म्हणाल्या, "अगं, माझा पाय डॉक्टरनं काढला, हात घरच्यांनी काढले."

त्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या. भाकरी थापायची होती आणि रोज बस्तीत दर्शनाला जायचं होतं. भाकरीचं काम धाकट्या सुनेनं सोडवलं. तिनं एक दिवस साधा प्रश्न विचारला, "आत्याबाई, तुम्हाला बसून कुठवर हात पोचतो?" आणि शेगडी ओट्यावरून खाली घेऊन एका बुटक्या कट्ट्यावर ठेवली, शेजारी परात आणि पिठाचा डबा. पाणी तापवण्यापासून भाकरी फुगेपर्यंत सगळं आक्का करायला लागल्या. सून समोर भाजी निवडत बसायची, पण परातीला हात लावायची नाही. पहिल्या काही भाकरी वेड्यावाकड्या झाल्या, करपल्या. तीही गप्प राहून खाल्ली तिनं.

बस्तीचं काम अवघड निघालं. पाच पायऱ्या आणि कठडा नाही. आक्कांनी कठड्याचं विचारलं तर उत्तर आलं, "आक्का, एवढा त्रास कशाला? घरूनच भाव करा. शेवटी भाव महत्त्वाचा." भाव महत्त्वाचा हे कोण नाकारेल? पण दोन पायांवर चालत येणाऱ्यांना हे कुणी सांगत नव्हतं. दुसऱ्या एकानं विचारलं, कृत्रिम पायाचा पट्टा चामड्याचा तर नाही ना? आक्का म्हणाल्या, "रेग्झीनचा आहे. बघायचा असेल तर काढून दाखवते." वर्षभरानं लोखंडी पाइपचा कठडा बसला. तो बसल्यावर सगळ्यात जास्त कोण वापरायला लागलं म्हणाल, तर गुडघे दुखणारी म्हातारी मंडळी, कडेवर मूल असलेल्या लेकीबाळी आणि पावसाळ्यात तर सगळेच.

दया आणि अनुकंपा हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो. सम्यक्त्वाची लक्षणं सांगताना प्रशम, संवेग, आस्तिक्य यांच्याबरोबर अनुकंपा सांगितली आहे. शब्दातच अर्थ आहे, दुसऱ्याच्या दुःखानं आपण कंप पावणं, त्याच्यासोबत हलणं. त्यात वरखाली नाही. व्यवहारातली आपली दया मात्र बहुतेक वेळा वरून खाली येते. देणारा उभा असतो आणि घेणारा बसलेला. म्हणून दयाळू घरातही माणूस आक्कांसारखा गुदमरतो. पाण्यातून हात धरून बाहेर काढणारा तो मदतनीस मला अनुकंपेचा नमुना वाटतो. तो खाली वाकतो, पाण्यात उतरून भिजतो, धरतो आणि वेळेवर सोडतो. धरायचं कधी हे पुष्कळांना कळतं, सोडायचं कधी हे फार थोड्यांना.

आपल्या समाजाजवळ या गोष्टीचं एक मोठं उदाहरण आहे. ते आपण देणग्यांच्या पावतीपुरतं लक्षात ठेवतो. जयपूरच्या इस्पितळात १९६८ च्या सुमाराला रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिरानं आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी 'जयपूर फूट' तयार केला. तोवर मिळणारे परदेशी धाटणीचे पाय बुटात घालून चालण्यासाठी केलेले होते. आपली माणसं अनवाणी चालतात, उकिडवी बसतात, मांडी घालून जेवतात, शेतात चिखलातून जातात. या पायानं ते सगळं करता यायला लागलं. पुढं १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली, आणि तिथं हे पाय कुणाकडूनही पैसे न घेता बसवले जातात. जात, धर्म, देश विचारला जात नाही. मला यातली दोन्ही अंगं मोलाची वाटतात. फुकट दिलं हे दान झालं. पण देण्याआधी 'या माणसाला बसायचं कसं असतं, चालायचं कुठं असतं' हे पाहिलं, त्यामुळे ते दान घेणाऱ्याच्या कामाला आलं. सुनेनं आक्कांना विचारलेला प्रश्न हाच तर होता.

आता ते दुसरं, हळू आवाजातलं वाक्य. "मागचं काहीतरी असणार." आपण कर्म मानतो. असाता वेदनीय कर्माच्या उदयानं दुःख येतं, नामकर्मानं शरीराची घडण होते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मी ते नाकारत नाही. पण हा सिद्धांत दिला आहे तो 'मी' या शब्दासाठी. माझ्यावर संकट आलं तर मी दुसऱ्यावर चिडू नये, समतेनं सोसावं, पुढचा बंध होऊ देऊ नये, यासाठी तो आहे. त्याच सिद्धांतानं शेजारणीकडे बोट दाखवलं की तो औषधाचा विखार होतो. तिच्या कर्माचा उदय काय आहे हे जाणायला केवलज्ञान लागतं, ते आपल्यापैकी कुणाजवळ नाही. माझ्या हातात एवढंच आहे की तिच्या असातेच्या वेळी माझ्याकडून काय घडतं. 'भोग आहेत' म्हणून मी कठडा बसवायचा टाळला, तर तिच्या कर्माचं जे व्हायचं ते होईल, माझ्या नव्या बंधाचा हिशेब मात्र तिथंच सुरू झाला.

'देह म्हणजे आत्मा नव्हे' याचंही तसंच आहे. भेदविज्ञान ही साधकानं स्वतःपाशी करायची गोष्ट. पाय गेलेल्या बाईला निरोगी माणसानं 'देहाचं काय एवढं' म्हणून ऐकवणं हे भेदविज्ञान नव्हे. मेलिसा तर पाय गेल्याचा तो दिवस दर वर्षी जिवंत राहिल्याचा दिवस म्हणून साजरा करते. तिला आपलं शास्त्र ठाऊक असायचं कारण नाही. पण पाय गेला म्हणजे मी गेले असं नाही, हे तिनं स्वतःपुरतं ठरवलं. ते ठरवायचा अधिकार तिचाच होता, म्हणून ते शोभलं.

रिओनंतर काय झालं ते सांगायला हवं, कारण अशा गोष्टी पदकापाशी थांबवायची आपल्याला सवय आहे. टोकियोचं पॅरालिंपिक २०२१ मध्ये झालं. त्याच्या काही आठवडे आधी सरावात ती सायकलवरून पडली आणि तिच्या पाठीची हाडं मोडली. तरी ती गेली. उद्घाटनाला झेंडा धरणाऱ्या दोघांपैकी ती एक होती. शर्यतीत ती पाचवी आली. पाचवीला पदक नसतं. पाठ मोडलेली होती म्हणून तिला कुणी वरचा नंबर दिला नाही, तिनंही मागितला नाही. मला या पाचव्या नंबरात तिचा मोठा मान दिसतो. ज्याला आपण हरू देतो त्यालाच आपण खरा खेळाडू मानतो. बिचारी म्हणून जिला जिंकवलं जातं, तिला शर्यतीत घेतलेलंच नसतं.

बाराव्रतांबरोबर आपण बारा तपंही मोजतो, सहा बाह्य आणि सहा अभ्यंतर. उपवास, कायक्लेश ही बाहेरची. मेलिसाचं धावणं पाहून 'केवढं तप' असं म्हणावंसं वाटतं खरं, पण स्पर्धेला मी तप म्हणणार नाही, तिथं जिंकायची इच्छा असते. तिच्या आयुष्यातली दुसरी गोष्ट मात्र तपाच्या जवळ जाते. ती कृत्रिम अवयव बनवायचं शिक्षण घेऊन त्या व्यवसायात गेली. २०११ मध्ये शिकागोत आणखी दोघांबरोबर तिनं 'डेअर टू ट्राय' ही संस्था काढली, अपंग मुलामोठ्यांना ट्रायथलॉन शिकवणारी. आपल्याकडे सेवेला, वैयावृत्त्याला, अभ्यंतर तपात धरलंय. हातापायांनी करायचं काम आतल्या तपात का धरलं असावं, याचा मी पुष्कळदा विचार करते. मला वाटतं, सेवा करताना 'मी करते' हा भाव गाळून टाकणं हे बाहेरून दिसत नाही, म्हणून.

कृत्रिम पाय बनवणाऱ्याला मापं घ्यावी लागतात. उरलेल्या पायाची लांबी, घेर, कुठं दुखतं, कुठं भार सोसवतो. पण त्याहीआधी विचारावं लागतं, या पायानं तुम्हाला काय करायचंय? शेतात जायचंय, की नाचायचंय, की देवळाच्या पायऱ्या चढायच्यात? उत्तराप्रमाणे पाय वेगळा होतो. तुमच्या घरात, भावकीत, बस्तीच्या वाटेवर अशी कुणीतरी असेलच. पाय गेलेली, दृष्टी गेलेली, अर्धांगवायूनं एक हात लुळा पडलेली, किंवा नुसती म्हातारी झालेली. तिच्यासाठी काय करायचं हे आपल्या मंडळाच्या बैठकीत ठरवण्याआधी तिलाच जाऊन विचारू या. आणि ती जे सांगेल ते आपल्याला गैरसोयीचं वाटलं, तरी आधी तेच करू या.